समितीपाशी गाऱ्हाणं, युनियनपाशी करार

भारतातल्या खासगी विमान कंपन्यांत उडणाऱ्या माझ्या मित्रांमध्ये जुना वाद पुन्हा पेटलाय. नोंदणीकृत युनियन काढायची, की कंपनीच्या आतल्या पायलट समितीवरच भागवायचं? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हापासून तर दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या आहेत. मी अमेरिकेत उडतो आणि इथल्या युनियनचा सभासद आहे. माझं मत सरळ आहे : युनियन हवी.

विरोध करणाऱ्यांची भीती मला कळते. युनियन म्हटलं की आपल्या माणसाला १९८२ आठवतं. दत्ता सामंत, संपावर गेलेले जवळपास अडीच लाख गिरणी कामगार आणि कायमची कुलपं लागलेल्या गिरण्या. पण विमान कंपन्यांचा अनुभवही बघा ना. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी गिल्ड, म्हणजे आपली युनियन, नोंदवली, कंपनीने दोघांना काढून टाकलं, मग शेकडो जण एकदम आजारी पडले आणि पाच दिवस उड्डाणं कोलमडली. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीत तर युनियनच नव्हती. नव्या करारात निश्चित पगार महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाऐवजी ४० तासांचा झाला, आणि तिथेही आजारपणाच्या रजा आणि रद्द झालेली उड्डाणं हेच दिसलं. युनियन नसली म्हणून असंतोष थांबत नाही. बोलणी करायला अधिकृत कुणी नसलं की तो असाच अचानक फुटतो, आणि भुर्दंड प्रवाशांना पडतो.

आता विश्रांतीचे नियम बघा. भारतात नव्या नियमांनी पायलटला आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती मिळाली. अमेरिकेत १६८ तासांत ३० तास. कागदावर भारत पुढे आहे! शिवाय हे नियम आपसूक आलेले नाहीत. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तिथे डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने) नियम लागू करण्याचं वेळापत्रक मान्य केलं, तेव्हा कुठे १ नोव्हेंबर २०२५ पासून ते पूर्ण लागू झाले. कंपनीच्या आतली समिती आपल्याच कंपनीला गैरसोयीच्या नियमासाठी कोर्टात जाईल का? मला तरी वाटत नाही. आणि ५ डिसेंबरला, उड्डाणं कोलमडल्यावर, याच नियमांतून इंडिगोला रात्रीच्या ड्युटीपुरती तात्पुरती सूट मिळाली. साप्ताहिक विश्रांतीच्या बदल्यात रजा धरायची नाही ही अट तर सगळ्यांसाठीच मागे घेतली गेली. थकवा मात्र सूट देऊन कमी होत नाही.

इथे माझ्या हातात काय आहे, ते सांगतो. रात्री कंपनीच्या शेड्युलिंग विभागाचा फोन येतो, आणखी एक सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, कराल का म्हणून. मी दमलेलो असेन तर ‘फटीग’ एवढा एक शब्द पुरतो. मला ड्युटीवरून उतरवतात, मी अहवाल भरतो, आणि तो अहवाल ज्या समितीपुढे जातो तिच्यात युनियनचा माणूस बसलेला असतो. कायदा तर सगळ्यांनाच थकलेल्या अवस्थेत उडायला मनाई करतो. पण उद्या चीफ पायलटने बोलावलं तर माझ्या शेजारी कोण बसणार, हे आमच्या करारात कलमासह छापलेलं आहे. त्या एका खुर्चीमुळे माणूस खरं बोलायचं धाडस करतो.

अंतर्गत समितीचा प्रयोग इथेही झालाय. जेटब्लू या अमेरिकन विमान कंपनीचे पायलट वर्षानुवर्षं वैयक्तिक करारांवर आणि आतल्या समितीवर चालले. २०११ मध्ये त्यांनी युनियन नाकारली. २०१४ मध्ये मात्र ७१ टक्क्यांनी ‘अल्पा’ या राष्ट्रीय युनियनला कौल दिला. युरोपात रायनएअर या विमान कंपनीनेही असंच आतल्या समित्यांवर निभावून नेलं होतं. २०१७ च्या सप्टेंबरात रोस्टरचा (ड्युटीच्या वेळापत्रकाचा) घोळ होऊन उड्डाणं रद्द करावी लागली, आणि त्याच डिसेंबरात कंपनीने युनियनना मान्यता देऊ केली.

युनियन आली की सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. जेटब्लूच्या पायलटांना पहिला करार मिळायला २०१८ उजाडलं. युनियनच्या वाटाघाटींचा इथला कायदा म्हणजे रेल्वे लेबर ॲक्ट, १९२६ चा, विमान कंपन्यांना १९३६ पासून लागू. त्यात बोलणी वर्षानुवर्षं लांबतात आणि संप जवळजवळ अशक्य. सीनियॉरिटी, म्हणजे कंपनीत रुजू झाल्याच्या क्रमाने लागणारी यादी, तर पाय बांधून ठेवते : कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टनही पुन्हा यादीच्या तळाशी. ही पद्धत भारतात जशीच्या तशी नेऊ नका, हे मी मित्रांना कळकळीने सांगतो.

आणि युनियन बाहेरचीच हवी असंही नाही. अमेरिकन एअरलाइन्सचे पायलट १९६३ मध्ये अल्पातून फुटून निघाले, आणि तेव्हापासून त्यांची एकाच कंपनीपुरती युनियन आहे. पण ती स्वतःच्या वर्गणीवर चालते. विमान कंपनीने कामगार संघटनेला पैसा पुरवणं इथे कायद्यानेच बंद आहे. समितीचं ऑफिस, सभासदांची ड्युटीतून सुटका, वकिलाची फी हे सगळं कंपनीच्या खिशातून जात असेल, तर वाटाघाटीत समोर बसायला उरतं कोण?

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर कंपनीच्या पटावरचे किमान ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद, तिलाच एकमेव वाटाघाटी करणारी युनियन म्हणून मान्यता, अशी त्यात तरतूद आहे. केबिन क्रू, इंजिनिअर, ग्राउंड स्टाफ यांच्या गर्दीत मूठभर पायलटांचे ५१ टक्के कधीच भरणार नाहीत. म्हणून मित्रांनो, युनियन की समिती यावर आपसात भांडत बसण्याआधी केबिन क्रूशी बोला. रोस्टर त्यांचंही तेच आहे, आणि रात्री दोनच्या लँडिंगला तेही जागेच असतात.