प्लाझ्माचा परिणाम कायमचा नसतो

प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिला की पॉलिलॅक्टिक ॲसिडचा, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा, पृष्ठभाग 'कायमचा' पाणी धरू लागतो, असं शस्त्रक्रियेत वापरायच्या या प्लॅस्टिकवरच्या लेखात म्हटलंय. हा 'कायमचा' शब्द चूक आहे. प्लाझ्मामुळे वरच्या काही नॅनोमीटरच्या थरात ऑक्सिजन असलेले, पाणी ओढणारे अणुगट तयार होतात, हे खरं. पण पॉलिमरच्या (प्लॅस्टिकच्या) रेणूंच्या लांब साखळ्या हलतात. तुकडा हवेत पडून राहिला की हे गट हळूहळू आत वळतात आणि पाण्याचा थेंब पुन्हा गोळा होऊ लागतो. उष्णतेत हे आणखी लवकर होतं, आणि आमच्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा अनेकदा ४० च्या वर जातो! म्हणूनच प्लाझ्मानंतर लगेच कोलॅजेनसारखं (शरीरातलं एक प्रथिन) काही त्यावर जोडून घेतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसमध्ये मी २२ वर्षं काढली. कोरा टॉवेल पाणी पीत नाही. कॉस्टिक सोड्यात उकळून कापसाचं मेण काढलं की पितो, आणि ते मेण परत येत नाही. पॉलिलॅक्टिकलाही कॉस्टिक देतात. त्याने साखळीतले एस्टर बंध तुटून हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल हे पाणी ओढणारे गट उघडे पडतात, पण वेळ चुकली तर माल झिजतो, ताकद जाते. पॉलिस्टरचं वेट रिडक्शन (कॉस्टिकने कापडाचं वजन कमी करणं) केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. माझ्या भाच्याच्या गुडघ्यात असाच विरघळणारा स्क्रू आहे, त्यामुळे हा विषय मला जवळचा. प्रक्रिया आणि शस्त्रक्रिया यांत किती दिवस गेले तर चालतं, हे लेखकाने जरूर लिहावं.