आठवण उसनी, म्हणून माणूस खोटा?

‘आठवणी स्वतःच्या असतील तर माणूस, बाहेरून भरलेल्या असतील तर यंत्र, अँड्रॉइडच्या, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या यंत्रांच्या, सगळ्या कथा शेवटी हेच सांगतात.’ हे वाक्य इतक्यांनी एकमेकांना पाठवलंय की तपासायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

माणसाच्या आठवणी भरवशाच्या, हे गृहीतकच आधी कच्चं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धडाडून आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना तोच प्रश्न, पण साधं ‘धडकल्या’ म्हणून. आठवड्याने फुटलेल्या काचांबद्दल विचारलं, तर पहिल्या गटात ५० पैकी १६ जणांनी काचा पाहिल्याचं सांगितलं, दुसऱ्यात ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. यांना कोणत्या रांगेत उभं करायचं?

दुसरा दावा असा की कथांमधली कसोटी आठवणींची असते. मुळीच नाही. फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या कादंबरीमध्ये चाचणी होते ती सहानुभूतीची. प्रश्न कानावर पडताच डोळ्यांत आणि गालांत काय हालचाल होते, ते मोजलं जातं. त्यात फिल रेश नावाचा, अँड्रॉइडना शोधून मारणारा शिकारी आहे. हाच अँड्रॉइड असावा, याच्या डोक्यात खोट्या आठवणी भरल्या असाव्यात, असा दाट संशय येतो. ल्यूबा लुफ्ट ही अँड्रॉइड गायिका चित्रांच्या प्रदर्शनात सापडते. तिला आवडलेलं मुंक या चित्रकाराचं चित्र असलेलं पुस्तक कादंबरीचा नायक डेकार्ड (हाही शिकारीच) स्वतःच्या पैशाने तिला घेऊन देतो. थोड्याच वेळात रेश तिला मारून मोकळा होतो. मग रेशची चाचणी होते आणि तो निघतो अस्सल माणूस! कळवळा येतो तो डेकार्डला. डिक यांनी वाचकाला इथे असं काही कोंडीत पकडलंय की ‘आठवणी म्हणजे माणूस’ म्हणणाऱ्यांनी ही पानं वाचलीत की नाही, अशी शंका येते.

उसन्या आठवणीतून आलेली भावनाही उसनी, हा तिसरा मुद्दा. याच कादंबरीवर बेतलेल्या ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचा पुढचा भाग ‘ब्लेड रनर २०४९’. त्यातला के हा अँड्रॉइड लाकडी घोड्याच्या आठवणीवरून स्वतःला डेकार्डचा मुलगा समजू लागतो. ती आठवण दुसरीचीच, हे त्याला पुढे कळतं. (शेवट फोडतोय, पण चित्रपट २०१७चा आहे, एवढी मुभा असावी.) तरीही तो डेकार्डला वाचवतो आणि त्याच्या खऱ्या मुलीच्या दारापर्यंत पोचवतो. नातं नाही हे ठाऊक झाल्यावर केलेली ही गोष्ट आहे.

आठवणींना किंमत नाही असं मात्र मी म्हणत नाही. १९८२च्या ‘ब्लेड रनर’मध्ये रेचल या स्वतःला माणूस समजणाऱ्या अँड्रॉइडचं बालपण डेकार्ड तिच्याच तोंडावर सांगतो, खिडकीबाहेर कोळिष्टक विणणाऱ्या कोळिणीसकट, तेव्हा ती कोसळते ते खरंच. पण त्याच चित्रपटातल्या रॉय या अँड्रॉइडला जेमतेम चार वर्षांचं आयुष्य मिळालंय आणि मरताना तो जे सांगतो ते त्याने स्वतः पाहिलेलं आहे. सुरुवातीच्या त्या वाक्याच्या हिशेबाने तोच माणूस ठरतो. हे मात्र ते वाक्य पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी लिहीत नाही.