‘निसर्ग जुळवून घेतोच’? नाही घेत!

‘खाडीतल्या घाणीमुळेच फ्लेमिंगो आले. तिवरं काय, कुठेही लावा, येतात. पाणथळी बुजवल्या तर पक्षी दुसरीकडे उडून जातील. निसर्ग जुळवून घेतोच.’ ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि चांगले शिकलेले लोक त्याला अंगठे देताहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी शेवटचं वाक्य, कारण सगळा घोळ तिथे आहे. ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचं, म्हणजे खारफुटीच्या झाडाचं, पान हातात घेऊन बघा. त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात, जिभेला लावले तर खारट लागतात. मुळांतून आलेलं जादा मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून ओहोटीला ही मुळं हवेतून श्वास घेतात. ही सोय लाखो वर्षांत, पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून घडली. त्याच मुळांवर एका रात्रीत डंपरने राडारोडा ओतला तर झाड गुदमरून मरतं. नवी मुळं काढायला त्याला उसंत कुठे मिळणार? निवटी या चिखलातल्या मासळीचंही तसंच. ती ओल्या कातडीतून श्वास घेते म्हणून चिखलावर उड्या मारत फिरते. कातडी सुकली की संपली.

‘घाणीमुळे आले’ यात थोडं तथ्य आहे. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर नीलहरित शेवाळ फोफावतं आणि ‘लहान फ्लेमिंगो’ (ही जात आहे, पिल्लू नव्हे) मुख्यतः तेच खातो. चोच उलटी पाण्यात बुडवून, जिभेने पाणी आत-बाहेर करत तो ते चोचीतल्या बारीक दातेरी पट्ट्यांतून गाळतो. त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. पण सांडपाण्याबरोबर कारखान्यांची रसायनंही येतात, आणि ती गाळून टाकायची सोय त्या चोचीत नाही.

तिवरं कुठेही येत नाहीत. भरती-ओहोटीच्या ठरावीक पट्ट्यातच तगतात. आणि उघड्या दलदलीवर ती मुद्दाम लावली, तर फ्लेमिंगोंचं चरायचं रानच जातं. वृक्षारोपणाच्या उत्साहात हे कुणी लक्षातच घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘उडून जातील’? कुठे? ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींत येऊन थांबतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणूनही जाहीर झालं. पण भरतीतला हा आसरा त्या हद्दीबाहेर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाट अडली, तलाव कोरडा पडला आणि त्याच सुमारास त्या परिसरात फ्लेमिंगो मेलेले, जखमी झालेले सापडले. पंख त्यांनाही होतेच.