दोन आंधळे राजे आणि चिखलीच्या भिंतीवरच्या रेघा

चिखलीला मामाच्या सोप्यात भिंतीवर गेरूनं मारलेल्या तीन रेघा आहेत. २००५, २०१९ आणि २०२१. सगळ्यात खालची माझ्या छातीला लागते, वरच्या दोन माझ्या डोक्याच्याही वर, एकमेकींपासून हातभर अंतरावर. मामा दर दिवाळीला भिंतीला रंग देतो पण त्या रेघांवरनं ब्रश फिरू देत नाही, कडेकडेनं सांभाळून नेतो. ही चिखली म्हणजे कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली, भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी जिथं एकत्र येऊन पंचगंगा होते ते ठिकाण, त्यामुळं पाणी आलं की तिथं येणारच.

मी चौदा वर्षं झाली, जर्मनीत बॉनला असतो. आधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होतो, इथंही कास्टिंगचंच काम आहे. २०२१ चा जुलै मी जन्मात विसरणार नाही. १४ तारखेच्या रात्री इथं आर नदीला पूर आला. ही नदी एवढीशी, एरवी पोरं पॅन्ट दुमडून पार करतात अशी, बॉनच्या दक्षिणेला जाऊन ऱ्हाईनला मिळते, आणि त्या एका रात्रीत तिच्या खोऱ्यात १३० च्या वर माणसं गेली. झिंत्सिश नावाच्या गावात अपंगांच्या वसतिगृहात बाराजणं बुडाली, रात्री झोपेत. २४ तारखेला शनिवारी आम्ही कंपनीतले काहीजण फावडी घेऊन तिकडं चिखल काढायला गेलो होतो, एका तळघरातनं बादल्या वर देत होतो, सगळीकडं घरं गरम करायच्या तेलाचा वास, आणि खिशात फोन वाजला. ताईचा होता. पंचगंगा धोक्याच्या वर गेली, मामाला बोटीतनं बाहेर काढलं, जनावरं उंचावर सोनतळीला हलवलीत. मी बादली हातात धरून तसाच उभा राहिलो. एकाच महिन्यात दोन नद्या, एक जिथं जन्मलो तिथली आणि एक जिथं पोट भरतो तिथली.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मे महिन्यात घरी आलो होतो तेव्हा झालेलं भांडण. भांडणच म्हणतो, कारण रस्सा गार होईपर्यंत चाललं. दाजींचं म्हणणं, नशिबात असेल ते कुणाला चुकलंय, आंबाबाईच्या मनात असेल तसं होणार, कर्णासारख्या कर्णाला चुकलं नाही तर आपण कोण. पुतण्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तो उसळलाच. काका, ह्या पोथ्यांनीच आपली वाट लावली, कर्ण वाचून वाचून प्रत्येकाला वाटतं आपल्यावर अन्यायच झालाय, तिकडं युरोपात कोण नशीब मानत नाही म्हणून ते पुढं गेले, तुम्हीच सांगा. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मी युरोपचा वकील.

तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. आता बोलतो.

पहिलं म्हणजे कर्ण आमच्या घरातलाच माणूस आहे. कोल्हापूर जिल्ह्यानं मराठीला दोन कर्ण दिले, आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आणि कोवाडच्या रणजित देसाईंचा 'राधेय' १९७३ मध्ये. माझ्या आईनं 'मृत्युंजय' तीनदा वाचलंय, तिसऱ्यांदा वाचताना रथाचं चाक रुततं तिथं पुस्तक मिटून स्वयंपाकाला उठली होती ते मला आठवतंय. त्यामुळं कर्णाला नावं ठेवली की मला लागतं. पण मूळ महाभारतातला कर्ण नशिबाच्या नावानं रडत बसलेला माणूसच नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला एकट्याला गाठून सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, इकडं ये, राज्य तुझं. कर्णाला सगळं माहीत आहे, आपण हरणार हेही माहीत आहे, तो त्या येणाऱ्या युद्धाचं वर्णन यज्ञासारखं करतो, त्यात कुणाकुणाची आहुती पडणार ते सांगतो. आणि तिथंच तो हेही म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्या माझ्या कृत्याचा मला आज पश्चात्ताप होतोय. हे दैवावर ढकललेलं नाही, माझं कृत्य असं म्हटलंय. दाजींना हा कर्ण कुणी सांगितलाच नाही.

दाजी नेहमी जो श्लोक म्हणतात ना, कुळात जन्म दैवाच्या हातात पण पुरुषार्थ माझ्या हातात, 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्', तो तर महाभारतात नाहीच, तो भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातल्या कर्णाच्या तोंडी आहे. पण असू दे, म्हणणारा कर्णच आहे, आणि दाजी अर्धा श्लोक धरून बसलेत, पुढचा अर्धा सोडून.

आता पुतण्याचं. युरोप नशीब मानत नाही हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. युरोपातलं सगळ्यात जुनं मोठं काव्य म्हणजे ग्रीक कवी होमरचं 'इलियड', त्यात ग्रीकांचा वीर अकिलीस आणि ट्रॉयचा वीर हेक्टर समोरासमोर आल्यावर देवांचा राजा झ्यूस सोन्याचा तराजू काढतो, दोघांची मरणं दोन पारड्यांत घालतो, हेक्टरचं पारडं खाली जातं आणि त्या क्षणी त्याला सांभाळणारा अपोलो देव त्याला सोडून निघून जातो. त्याच्या आधी झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरायला आलेला असतो. झ्यूसच्या मनात येतं उचलून घ्यावा रणातनं, तेव्हा त्याची बायको हेरा म्हणते, तू तुझ्या पोराला वाचवलंस तर बाकीचे देवही आपापली पोरं वाचवायला बघतील. आणि देवांचा राजा गप्प बसतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो. बापाचं रडणं म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं ते रात्रपाळीनंतर ट्राममध्ये, आणि मला गांधारी आठवली, शंभर पोरं गेल्यावर कृष्णाला शाप देणारी, तुला थांबवता आलं असतं तरी तू थांबवलं नाहीस म्हणणारी. तिकडं देवच हतबल, इकडं देवालाच जाब. यातलं कुठलं पुढारलेलं आणि कुठलं मागासलेलं, सांग बाबा मला.

मी इथं संध्याकाळच्या एका वाचनवर्गाला जायचो, प्रौढांसाठी असतात तसे, पंधरा-वीसजण आणि एक निवृत्त शिक्षक. पुरानंतरच्या हिवाळ्यात आम्ही ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'ईडिपस' वाचायला घेतलं. गोष्ट थोडक्यात अशी की ईडिपसच्या नशिबात बापाला मारणं आणि आईशी लग्न करणं लिहिलंय अशी देववाणी होते, तो ते टाळायला ज्यांना आईबाप समजतो त्यांचं कॉरिंथ गाव सोडून पळतो, आणि त्या पळण्यातच तीन रस्ते मिळतात तिथं एका म्हाताऱ्याशी भांडण होऊन त्याला मारतो, तोच बाप. नाटक सुरू होतं तेव्हा तो थीब्जचा राजा आहे, गावात रोगराई आहे, आणि तो म्हणतो दोषी कोण ते मी शोधून काढणार. म्हणजे सगळं नाटक ही एक चौकशी आहे आणि चौकशी करणाराच शेवटी गुन्हेगार निघतो. मग तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. लोक विचारतात कुठल्या देवानं हे करायला लावलं, तेव्हा तो म्हणतो, अपोलोनं माझ्यावर हे सगळं आणलं, पण डोळ्यांवर मारणारा हात माझा होता, दुसऱ्या कुणाचा नाही.

वर्गात एक बाई होत्या, सत्तरीच्या, त्यांच्या बहिणीचा नवरा आर खोऱ्यात तळघरात अडकून गेला होता. त्या ओळीपाशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, आमच्याकडं सगळे विचारतायत दोष कुणाचा, कुणीच म्हणत नाही की माझा हात होता.

तेव्हा इथं पुराची चौकशी चालू होती. इशारा वेळेवर का दिला नाही, जिल्हाप्रमुखानं काय केलं, सरकारी वकिलांनी अडीच वर्षांच्या वर तपास केला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये खटला न भरताच फाईल बंद केली. आरला १८०४ मध्ये आणि १९१० मध्येही भयानक पूर आले होते, त्याच्या नोंदी आहेत, तरी लोक काठावर घरं बांधून राहिलेच. मला इथल्या लोकांचं हे आवडतं की ते विचारतात, कागद मागतात, देवाची करणी म्हणून उठून जात नाहीत. पण हेही बघितलं की फाईल बंद झाली आणि त्या बाईंना दुःख ठेवायला जागाच उरली नाही. दोषी सापडला नाही तर मग हे झालं कशानं, ह्या प्रश्नाला त्यांच्याकडं शब्द नव्हता. आमच्या आईकडं आहे. ती 'भोग' म्हणते. दुसऱ्याच्या दारात मयत झालं की तिथं जाऊन बसते, भोग होता बाई म्हणते, आणि त्या शब्दात कुणावर आरोप नसतो, मोकळं रडता येतं. हा शब्द फेकून द्या असं पुतण्या म्हणतो ते मला मान्य नाही.

पण हाच शब्द दुसऱ्या एका आंधळ्या राजाच्या तोंडातही आहे. विदुर रात्रभर धृतराष्ट्राला समजावतो, ती विदुरनीती, उद्योगपर्वातले आठ अध्याय. सगळं ऐकून घेतल्यावर धृतराष्ट्र म्हणतो, तू म्हणतोस ते पटतं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते, दैवाला कुणी ओलांडू शकत नाही, माणसाचे प्रयत्न फुकट. अजून एक बाण सुटलेला नाही तेव्हा हे म्हणतोय तो! एक शब्द बोलून थांबवता आलं असतं. एका आंधळ्या राजाला देवानं खरंच अडकवलंय आणि तो म्हणतो हात माझा, दुसऱ्याचे हात मोकळे आहेत आणि तो म्हणतो दैव.

मला हा धृतराष्ट्र ओळखीचा का वाटला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आत्तेभावानं शहरात नदीच्या अंगाला प्लॉट घेतला, भर टाकून वर आणलेला, आणि बांधकामासाठी मी इथनं पैसे पाठवले. पूररेषेचा नकाशा मी बघितला होता. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा, आणि आमचा प्लॉट निळीच्या आत होता. मला नकाशे वाचता येतात, तेच माझं शिक्षण. मी विचारलं, तो म्हणाला सगळ्यांनी बांधलंय, मी गप्प बसलो आणि पैसे पाठवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ असताना, हायवे शिरोलीपाशी बंद, आणि आत्तेभावाचा तळमजला आख्खा पाण्यात. पोरगी तापानं फणफणलेली, गच्चीवर दोन रात्री काढल्या त्यांनी. मी फोनवर काय म्हणालो असेन? म्हणालो, नशीब रे, काय करणार. तो भर टाकणाराही तेच म्हणाला असेल. अलमट्टी धरणाचं पाणी, वरचा पाऊस, ह्या सगळ्यावर आम्ही तासन्‌तास बोललो, आणि ते सगळं आहेच, खोटं नाही, पण पैसे पाठवणारा हात माझा होता हे मला वर्गात त्या बाईंनी चष्मा काढला तेव्हा कळलं.

वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचं ह्याच विषयावर भांडण आहे, द्वैतवनात, आमच्या रस्सा गार होईपर्यंतच्या भांडणापेक्षा लांब. आधी ती चिडून म्हणते की देव माणसांना लाकडी बाहुल्यांसारखं नाचवतो, पोरगं खेळण्यांशी खेळतं तसा खेळतो, आईबापासारखं वागत नाही. युधिष्ठिर म्हणतो हे नास्तिकाचं बोलणं झालं. मग ती दुसऱ्या बाजूनं येते. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून एक पंडित भावांना शिकवत असताना ऐकलेली नीती सांगते, शेतकऱ्याची. शेतकरी नांगर चालवतो, बी पेरतो, मग गप्प बसतो, पुढचं पावसावर. पाऊस पडला नाही तर शेतकऱ्याकडं दोष नाही, इतर कुणीही जे केलं असतं ते त्यानं केलंय. मला ह्या वादात एवढी नेमकी गोष्ट दुसरीकडं कुठं सापडली नाही, होमरमध्ये नाही, सोफोक्लीसमध्ये नाही. नशीब म्हणायचा हक्क आहे, पण तो नांगरटीनंतरचा. दाजी नांगराच्या आधीच म्हणतात आणि पुतण्याला वाटतं नांगर धरला की पाऊस पडायलाच पाहिजे.

मामानं महाभारत वाचलेलं नाही, कीर्तनात ऐकलंय तेवढंच. चैत्रात जोतिबाला जातो, गुलाल घेऊन येतो, २०२१ नंतर त्यानं बियाणं आणि कागदपत्रं ठेवायला वरच्या रेघेच्याही दोन फूट वर लोखंडी माळा करून घेतला. शिरोलीतनं अँगल मी सांगून पाठवले, ह्यावेळी नकाशा नीट बघून. आणि पाणी ४३ ला जायची वाट तो बघत नाही, इशाऱ्याची ३९ फुटांची पातळी यायच्या आधीच म्हशी सोडतो.

गेल्या पावसाळ्यात फोन केला होता. इथं दुपार, तिकडं तिन्हीसांजा, मागं पावसाचा आवाज.

"किती आलंय मामा?"

"सदतीस. म्हशी गेल्या सोनतळीला. मामी पण गेली."

"मग तू कशाला थांबलायस अजून?"

"देव्हाऱ्यात दिवा लावायचा राहिलाय. लावतो आणि निघतो. ठेव आता."