आठ युरोचा मासा

मेनूकार्डावर ‘ब्रान्झिनो’, समोर आकडा ८. व्हेनिसमध्ये, कालव्याच्या काठी, आठ युरोत अख्खा मासा! ज्या गावात लघवीला जायचे दीड युरो पडतात, तिथे आठ युरोत अख्खा मासा मिळेल असं ज्याला वाटतं त्याला लुटलंच पाहिजे, हे आज सकाळी सुचतंय. काल रात्री सुचलं नाही.

बिलात मासा ६२ युरो ४० सेंट.

आठच्या पुढे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘एत्तो’ होतं. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. काही ठिकाणी तेवढंही लिहायचे कष्ट घेत नाहीत, नुसतं ‘एचजी’ खरडतात, हेक्टोग्रॅमचं. आमचा मासा भरला ७८० ग्रॅम. बरं, हे वजन कच्च्या माशाचं, डोकं-काटा-शेपूट धरून! वेटरने टेबलाशेजारी उभं राहून दोन चमच्यांनी झोकात काटा सोडवला आणि जे ताटात वाढलं ते जेमतेम निम्मं. उरलेलं निम्मं, म्हणजे तीसेक युरोचं डोकं आणि सांगाडा, तो तसाच आत घेऊन गेला. अहो, डोकं तरी ठेवा! त्यात उद्याचं कालवण झालं असतं.

आणि हे सगळं होण्याआधी तो कच्चा मासा थाळीत घालून टेबलाशी आलेला असतो. आपल्याला वाटतं, काय अदब आहे! चौघांनी फोटो काढले. तो अदब दाखवत नसतो, आपली संमती घेत असतो. तोंड उघडायचं ते त्याच वेळी. ‘क्वांतो पेझा?’ म्हणजे वजन किती. उच्चार आपल्या ‘पैसा’च्या अंगाने जातो, आणि हा योगायोग नाही असं माझं ठाम मत झालंय. एकदा मासा निखाऱ्यावर गेला की हुज्जत घालायला काही उरत नाही. दादरला गलफडं उघडून लाल आहे का बघणारी, वाट्यामागे पन्नास रुपये सोडवायला कोळणीशी अर्धा तास भांडणारी मी, काल मान डोलावून ‘सी, सी’ म्हणाले.

कार्डावर ‘आलेवामेंतो’ असेल तर मासा पाळलेला. तो तीन-चारशे ग्रॅमचा, एका माणसापुरता, आणि बऱ्याचदा त्याचा ठरलेला भाव असतो. समुद्रातून धरलेला मोठा मासा मात्र एत्तोवरच जातो. फ्लॉरेन्सला बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाडजूड स्टेक, मागवणाऱ्यांनीही हुरळू नये. तिथे भाव किलोचा असतो आणि किलोच्या खालचा तुकडा कापायला ते सहसा तयार होत नाहीत. पदार्थाच्या नावापुढे चांदणी दिसली तर ती शेफची शिफारस नव्हे. तो माल फ्रोझन आहे. खाली तळटीप असते, इटालियनमध्ये, एत्तोच्याच मापाची.

पुढे वाचा. कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसल्याचा दंड, माणशी ३ युरो, चौघांचे १२. त्यात पाव येतो, तो खाल्ला नाही तरी दंड आहेच. पाण्याच्या दोन बाटल्या ९. तीन पास्ते ५७. घरची वाइन अर्धा लिटर ११, आणि या आख्ख्या कागदावर प्रामाणिक आकडा तो एवढाच. सगळ्यांची बेरीज १५१ युरो ४० सेंट. त्यावर १२ टक्के सर्व्हिस. कोपेर्तोवरसुद्धा! दंडावर सेवाशुल्क! एकूण १६९ युरो ५७ सेंट.

इथे संपलं का? छे. कार्डाचं मशीन विचारतं, युरोत की रुपयांत? रुपये दिसले की आपल्या माणसाला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. कधीही दाबू नका. तो दर मशीनवाल्यांचा असतो, त्यात पाच-सहा टक्के सहज मुरलेले असतात. युरो दाबा, मग आपल्या बँकेचा काय तो मार्कअप लागेल, बहुतेक कार्डांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. काल त्या वेटरने मला विचारलंच नाही, स्वतःच रुपये दाबून मशीन पुढे केलं. आठ-नऊ युरो गेले. म्हणजे अजून एक एत्तो.

त्यावर आमच्यातल्या एकाचं पालुपद, ‘अगं, सुट्टीवर रुपयांत हिशोब करायचा नसतो.’ का नाही करायचा? पगार काय लिरामध्ये येतो? असल्या माणसांना कालव्यात ढकलावं. तेही फुकटात होणार नाही म्हणा. व्हापोरेत्तोचं, म्हणजे कालव्यातल्या बोट-बसचं, साधं तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं. गोंडोला दिवसा अर्ध्या तासाला ९०. सान मार्को चौकात कॉफीला बसलात आणि वादक वाजवत असतील तर माणशी संगीताचा अधिभार वेगळा. कान झाकून बसलात तरी! आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं गावात शिरायलाही पैसे. २०२४ साली ५ युरोपासून सुरू केलं, २०२५ला उशिरा जागे होणाऱ्यांसाठी १० केले. हॉटेलात मुक्काम असेल तर माफ आहे, पण तरी आधी नोंदवून कोड घ्यायचा. न घेतल्यास काय होतं, ते विचारू नका.

तो पिझ्झाचा राग तर अजून गेलेला नाही. ‘पेपेरोनी’ मागवा, ढोबळी मिरची येते. ते इटालियनमध्ये ढोबळी मिरचीच आहे, चूक आपली. शाकाहारी मंडळींनी तर पार्मेजान चीज भुरभुरण्याआधीच विचार करावा. ते वासराच्या पोटातल्या विरजणाने लावलेलं असतं.

आता शांतपणे तो कागद पुन्हा पाहिला. सगळं लिहिलेलं आहे. एत्तो, कोपेर्तो, १२ टक्के, काही म्हणजे काही लपवलेलं नाही. हॉटेल निवडताना दोनशे रिव्ह्यू वाचले, उशी मऊ आहे का तेही तपासलं. मेनूकार्डावरचा एक शब्द वाचला नाही.

उद्या बाकारो, म्हणजे इथला छोटा वाइनचा गुत्ता. ठरलं. पावाच्या चकतीवर फेटलेला सुका कॉड, कांदा-व्हिनेगरात मुरवलेली तारली, एकेक तुकडा दोन-तीन युरोला, आणि सोबत ‘ओम्ब्रा’, म्हणजे वाइनचा छोटा पेला. काउंटरशी उभं राहून खायचं, बोट दाखवून मागायचं, बिल जागच्या जागी. खुर्चीवर टेकलात की बऱ्याच ठिकाणी भाव बदलतो. बसायचं नाही. गुडघ्यांना आजच सांगून ठेवलंय.