काल्पनिक भाडेकरूचा मान राखा

नागपुरात स्वतःचे घर असलेल्या प्रत्येक सद्गृहस्थाने सर्वप्रथम आपल्या भाडेकरूची ओळख करून घ्यावी. घर कोणालाही भाड्याने दिलेले नाही, ही सबब मालमत्ता कराच्या बाबतीत चालत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार, घर वर्षाच्या कराराने दिले असते तर जे भाडे वाजवीपणे मिळाले असते, त्यावरून करयोग्य मूल्य ठरते. म्हणजे आपण आपल्याच घरात सहकुटुंब राहत असलो, तरी कागदावर तेथे एक अदृश्य भाडेकरू सुखाने नांदत असतो. तो घासाघीस करीत नाही, नळाला पाणी नसल्याची कुरकुर करीत नाही आणि घर सोडूनही जात नाही. आपल्या हातावर कधी एक रुपया ठेवत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

या भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट मिळते, तिच्याबद्दल कृतज्ञ असावे. महाल भागातल्या वाड्याचे कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागोत किंवा मनीषनगरातल्या कोऱ्या फ्लॅटच्या भिंतीत अजून खिळाही ठोकलेला नसो, वजावट तेवढीच. मुंबईकरांचा हेवा मात्र करू नये. तेथे २०१० पासून भांडवली मूल्यावर, अर्थात घराच्या बाजारभावाच्या अंदाजावर कर आहे, म्हणजे काल्पनिक भाडेकरूच्या जागी काल्पनिक गिऱ्हाईक आले आहे.

घराच्या मोजणीसाठी महापालिकेचा कर्मचारी आला की टेपचे दुसरे टोक आपणच धरावे. पाहुण्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे. मे महिन्यात कुलरवर ऊन पडू नये म्हणून मागच्या अंगणात टाकलेले टिनाचे शेड त्याच्या नजरेस पडले, तर ते बांधकाम आहे की सावली, यावर वाद घालू नये, कारण बांधकाम अनधिकृत ठरल्यास कलम २६७अ अन्वये कराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते आणि ती इमानेइतबारे भरल्याने शेड नियमित होते, असेही नाही. समोरच्या खोलीत सूनबाईंची शिकवणी चालत असेल, तर त्या दिवशी पोरांना सुटी द्यावी. निवासी वापराचा अनिवासी व्हायला फळा आणि चार चपलांचे जोड पुरतात.

एवढे करूनही मूल्य फुगलेले वाटले, तर नोटिशीची मुदत पाहून झोन कार्यालयात हरकत नोंदवावी. तीही फेटाळली गेली, तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते; त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे आणि ज्या रकमेबद्दल तक्रार आहे ती आधी भरायची आहे, जेणेकरून आपण निश्चिंत मनाने भांडू शकू. न भरता नुसते रुसून बसल्यास थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते.

सुनावणीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. शेजारच्या तेवढ्याच घराला निम्मे मूल्य लागले आहे, हा पुरावा कितीही बिनतोड वाटला तरी तो पुढे करू नये. त्याने आपले मूल्य उतरण्याची खात्री नसते, शेजाऱ्याचे मात्र पुढच्या फेरीत हमखास चढते.