पुढचे शॉकअप आणि ब्रेक घरीच अपग्रेड करा, त्यात काय एवढं

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, की ज्या इंजिनियर लोकांनी तुमच्या गाडीचं सस्पेन्शन डिझाइन केलं ते सगळे बावळट होते. त्यांनी वर्षानुवर्षं टेस्टिंग केलं असेल, पण तुम्ही काल रात्री दीड वाजेपर्यंत तीन व्हिडिओ बघितलेत, त्यातला एक तर शेवटपर्यंत. म्हणजे थिअरी झाली. उरले पाने, ते डिकीत असतातच की, एक जॅक आणि एक तो वाकडा व्हील पाना, अजून काय लागतं.

पार्ट मागवताना लाल कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग, बघून मागवा. लाल महत्त्वाचा. शेवटी गाडी टायरच थांबवतात, टायरची ग्रिप संपली की पुढे डिस्क ताटाएवढी असो नाहीतर परातीएवढी, काही फरक पडत नाही, असं कोणी सांगायला लागलं तर तो जळतोय असं समजायचं. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग लांब उतारावर किंवा परत परत जोरात ब्रेक मारावे लागतात तिथे, कारण वेग दुप्पट झाला की थांबताना जिरवायची एनर्जी चौपट होते आणि ती बहुतेक सगळी उष्णता बनून डिस्कमध्ये जाते. पण तुम्हाला कुठे उष्णता जिरवायचीय, तुम्हाला तर अलॉयच्या फटीतून लाल रंग दिसला पाहिजे. आणि हो, मोठा कॅलिपर आपल्या रिममध्ये बसतो का हे आधी अजिबात मोजू नका, ते संध्याकाळी सात वाजता चाक लावताना आपोआप कळतं.

जॅक लावला की खाली स्टँड लावत बसू नका. गाडी जॅकवर मस्त उभी राहते. म्हणजे, राहते तोवर राहते.

आता स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने 1940 च्या दशकात ही रचना आणली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे तीच असते, शॉकअप आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली कॉइल स्प्रिंग, सगळं एकाच खांबात. खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, दोन जाड बोल्ट, वर बॉनेटखाली दोन-तीन नट, आणि त्या नटांच्या बरोबर मध्ये अजून एक नट. हा मधला नट बघून हात शिवशिवतात. गाडीच्या पुढच्या भागाचं शेकडो किलो वजन पेलणारी स्प्रिंग त्या एकट्या नटाने अडवून धरलेली असते, त्यामुळे कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग दाबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असं सगळे कोकलून सांगतात. तुम्ही धीट आहात, तुम्ही तो पहिला सोडवा, हो फक्त तोंड त्याच्या अगदी वर आणा म्हणजे नीट दिसेल.

मी भित्रा, मी कॉम्प्रेसर आणला होता. उसना. दोन हूकवाले रॉड, समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. मी एक बाजू बोलत बोलत जास्त आवळली, स्प्रिंग एका अंगाला झुकली, हूक बोटभर सरकला आणि "टण्ण" असा एकच आवाज झाला. बाकी काही झालं नाही. पण त्यानंतर मी जिना चढून वरच्या मजल्यावर कसा पोचलो हे मला आजही सांगता येत नाही, पाना मात्र हातातच होता.

खालचे दोन बोल्ट काढण्याआधी खडूने किंवा पेंटने खुणा करायच्या असतात, त्या करू नका. बऱ्याच गाड्यांत तिथे किंचित ढील असते, बोल्ट कुठे आवळला त्यावर चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाक आत-बाहेर किती कलतं ते, ठरतो. खुणा नसल्या की प्रत्येक चाक स्वतःचा स्वभाव घेऊन उभं राहतं, आणि मग अलाइनमेंटही करू नका, टायर आतल्या बाजूने तासल्यासारखे गुळगुळीत होतात आणि नवे टायर घ्यायला कारण मिळतं. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, काढलाच असेल तर त्याचे बोल्ट गाडी हवेत असतानाच कचकचून आवळा. चाकावर वजन आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, पण त्यासाठी परत वाकायचं कोण.

ब्रेककडे आलो. जुना कॅलिपर सोडवला की तारेने स्प्रिंगला वगैरे बांधत बसू नका, ब्रेकच्या होजवर तसाच लोंबकळू द्या, रबराचाच पाइप तो, आतून कुठे चिरला तर बाहेरून थोडीच दिसणार आहे. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो, तो पुसू नका, पॅडला पण कळू दे की लाड म्हणजे काय असतात.

ब्रेक ऑइलचं तर विचारूच नका. डॉट 4 ग्रेडचं ऑइल नवं असताना कमीत कमी 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो, म्हणून सील फोडलेली, दोन पावसाळे कोपऱ्यात काढलेली बाटली वापरा. आणि डॉट 5 व डॉट 5.1 मध्ये फरक किती, तर पॉइंट वन. एक सिलिकॉनचं आणि दुसरं ग्लायकॉलचं, एकमेकांत मिसळायचे नाहीत, पण एवढ्या पॉइंटसाठी कोण लेबल वाचतं.

यानंतर माझा आवडता भाग. लाल कॅलिपर दोन आहेत, डावा आणि उजवा, आणि ते अदलाबदल करूनही पुष्कळदा बसतात. अगदी हौसेने बसतात. फक्त मग ऑइलमधली एअर काढायचा निपल वर यायच्या ऐवजी खाली येतो, आणि हवा तर वरच जाऊन बसते. मग एकाने पेडल दाबायचं, "धर", दुसऱ्याने निपल उघडायचा, बंद करायचा, "सोड", परत "धर", तुम्ही तीन बाटल्या ऑइल संपवता, खालून स्वच्छ बिनबुडबुड्याचं ऑइल येतं, आणि पेडल तरी उशीवर पाय ठेवल्यासारखं. अशा वेळी मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या भागाला, शिव्या घाला. पेडल दाबणारा घरातला माणूस चौथ्या बाटलीला उठून आत निघून जातो, त्याला अडवू नका.

आणि पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा मारून कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन पुढे आणायचा असतो, तेही करू नका. सरळ रिव्हर्स टाका. पहिलं पेडल फळीपर्यंत जातं, गाडी मागे जात राहते, आणि गेट बंद आहे हे तेव्हा आठवतं.

शेवटी गाडी टो करून गॅरेजला न्यावी लागेल, ते ठरलेलंच. मेकॅनिक चाक काढेल, निपलकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "साहेब, हे कुणी केलं?" तेव्हा डगमगायचं नाही, सेकंडहँड घेतली तेव्हापासून असंच आहे असं ठोकून द्यायचं. फक्त बोलताना दोन्ही हात खिशात ठेवा, नखातलं ग्रीस आठवडाभर जात नाही.